मुलाखत झाली, व्हिसा अडकला: सातारा-सांगलीकरांसाठी पार्श्वभूमी तपासणीच्या काळातली मार्गदर्शिका

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची, म्हणजे तिथे कायमचं राहायला जाण्यासाठीच्या व्हिसाची, मुलाखत देऊन यावं आणि दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर ‘रिफ्यूज्ड’ असा शब्द दिसावा, की घरात सुतक पडल्यासारखं होतं. लेकीने वा भावाने अमेरिकेतून अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते. त्यामुळे तो शब्द पाहून रडणारी, भांडणारी, एजंटाकडे धावणारी माणसं मी सांगली-मिरजेत आणि साताऱ्यातही पाहिली आहेत. म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो: त्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा ‘कायमचा नकार’ असा नसतो. तपासणी बाकी असलेल्या प्रकरणांनाही संगणकावर हाच शिक्का बसतो.

तपासणी किती दिवस चालेल हे सातारा-सांगलीत बसून कोणालाच ठरवता येत नाही. पण तपासणी चालू असताना इतर कागदांच्या मुदती संपतात, मुलं वयात येतात, लग्नं ठरतात, शेतं विकली जातात, आणि खरं नुकसान तिथे होतं. ते टाळणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. या लेखाचा भर त्यावरच आहे.

पायरी पहिली: चिठ्ठी नीट वाचा

मुलाखतीच्या शेवटी अधिकारी एक कागद देतात. त्यावर २२१-जी असं कलम लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यातलं हे कलम आहे. आत्ता व्हिसा देता येत नाही, अजून काहीतरी हवं आहे, इतकाच त्याचा अर्थ. ते ‘काहीतरी’ दोन प्रकारचं असतं.

एक म्हणजे कागद कमी असणं: जन्मदाखला, लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, आर्थिक हमीपत्रासोबतचं ताजं करविवरण, पूर्वी राहिलेल्या देशाचा पोलीस दाखला. हे आपलं काम. मुलाखतीच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत ते द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर अर्ज आणि फी दोन्ही नव्याने करावं लागण्याची वेळ येते. दुसरा प्रकार ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंगचा, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘एपी लागली’ म्हणतात. यात नाव, बोटांचे ठसे, प्रवास, नोकरी यांची पडताळणी वेगवेगळ्या अमेरिकन यंत्रणांकडून होत असते. कधी दोन्ही प्रकार एकत्रच असतात. अशा वेळी आपण कागद दिले तरी उरलेली तपासणी चालूच राहते.

चिठ्ठीचा फोटो काढा, मूळ प्रत जपून ठेवा आणि कागद कोणत्या मार्गाने पाठवायचे तेही त्यावरूनच ठरवा. शेजारच्याच्या भावाने गेल्या वर्षी ईमेलने पाठवले म्हणून आपणही ईमेलने पाठवायचे, असं करू नका. पाठवल्याची पावती, तारीख आणि काय काय पाठवलं याची यादी ठेवा.

मुंबईच्या केसचा क्रमांक बीएमबी या तीन अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक घरातल्या दोघा-तिघांकडे तरी लिहिलेला असावा. सीईएसी या सरकारी संकेतस्थळावर तोच टाकून स्थिती पाहता येते. तिथे ‘शेवटची नोंद’ म्हणून एक तारीख दिसते. ती बदलली म्हणजे व्हिसा आला असं समजू नका, आणि महिनाभर बदलली नाही म्हणजे फाइल हरवली असंही नाही. आठवड्यातून एकदा पाहणं पुरे. रात्री-बेरात्री उठून पाहिल्याने झोप जाते, त्यापलीकडे काही होत नाही.

पायरी दुसरी: नाव का अडतं ते समजून घ्या

तपासणीचा मोठा भाग नावावर आणि जन्मतारखेवर चालतो, आणि आपल्या भागात नेमका याच दोन्ही बाबतींत घोळ आहे.

सांगली जिल्ह्यात पाटील किती आहेत ते मोजायला नको. साताऱ्यात जाधव, शिंदे, पवार, मोरे, भोसले यांची तीच गत. त्यात जन्मतारीख १ जून! मागच्या पिढीत पोराला शाळेत घालताना आईबापाला तारीख आठवत नसे, आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून टाकून देत. त्यामुळे एकच नाव, एकच आडनाव आणि एकच जन्मतारीख असलेली माणसं आपल्याकडे खरोखरच सापडतात. त्यांच्यातल्या एखाद्यावर कुठे गुन्हा असेल, कोणी व्हिसाची मुदत ओलांडून राहिलेला असेल, तर संगणक तुमच्या अर्जाशेजारी ती नोंद आणून ठेवतो. मग तो तुम्ही नाही हे एका माणसाने बसून तपासावं लागतं. यात तुमचा काही दोष नसतो, पण वेळ जातो.

इथे मदत होईल असं एकच काम आहे, आणि ते मुलाखतीच्या आधीच केलेलं बरं. आजवर तुमचं नाव ज्या ज्या प्रकारे लिहिलं गेलं त्या सगळ्यांची यादी करा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, सातबारा, जुना पासपोर्ट, बँक पासबुक समोर ठेवा. एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये असेल, एका ठिकाणी नसेल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त असेल. बायकांच्या बाबतीत तर माहेरचं आणि सासरचं आडनाव, मध्ये वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आणि काही घरांत लग्नात बदललेलं पहिलं नावसुद्धा! डीएस-२६० अर्जात, म्हणजे इमिग्रंट व्हिसाच्या मूळ ऑनलाइन अर्जात, ‘इतर नावं’ असा रकाना असतो. बरेच जण तिथे ‘नाही’ असं टिकमार्क करून मोकळे होतात. तसं करू नका. माहेरचं नाव लिहा, बदललेलं नाव लिहा. राजपत्रात बदल छापून आला असेल तर त्याची प्रत जोडा.

जन्मदाखल्याचंही तसंच. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा आहे. त्याआधी, आणि गावाकडे त्यानंतरही बरीच वर्षं, पुष्कळ जन्म नोंदलेच गेले नाहीत. अशा वेळी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि सोबत शाळेचा दाखला, जन्माची माहिती असलेल्या जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असा दुय्यम पुरावा द्यायचा. शाळेतली तारीख आणि खरी तारीख वेगळी असेल तर सगळ्या कागदांवर चालत आलेली तारीखच ठेवा आणि विचारलं तर खरं कारण सांगा. मुलाखतीच्या तोंडावर नवी तारीख टाकून नवा दाखला काढला, की संशय वाढतो.

पायरी तिसरी: जादा प्रश्नांचा फॉर्म आला तर

काही अर्जदारांना मुलाखतीनंतर डीएस-५५३५ हा पुरवणी फॉर्म भरायला सांगतात. हा २०१७ पासून वापरात आहे. यात गेल्या पंधरा वर्षांतले राहते पत्ते, पंधरा वर्षांच्या नोकऱ्या, पंधरा वर्षांतला प्रवास आणि त्याचा खर्च कोणी केला, आजवरचे पासपोर्ट, सगळ्या भावंडांची, मुलांची आणि आजी-माजी जोडीदारांची नावं व जन्मतारखा, गेल्या पाच वर्षांतले फोन नंबर, ईमेल आणि समाजमाध्यमांवरची खाती असं सगळं मागतात.

आटपाडी, खानापूर-विटा भागातल्या गलाई व्यवसायातल्या कुटुंबांना हा फॉर्म फार जड जातो. सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी ही माणसं देशभर पसरलेली. दोन वर्षं एका शहरात, चार वर्षं दुसऱ्या, मध्ये गावी परत, मग चुलत्याच्या दुकानात तिसरीकडे. भाडेकरार बहुतेकदा तोंडी. अशा माणसाने पंधरा वर्षांचे पत्ते कुठून आणायचे?

घाई न करता मागून पुढे या. मुलं कोणत्या वर्षी कुठल्या शाळेत होती ते त्यांच्या दाखल्यांवर असतं. तिथून वर्षं पक्की होतात. आधारमधल्या पत्त्याच्या बदलांचा इतिहास आधारच्या संकेतस्थळावर मिळतो. बँकेची शाखा, गॅस जोडणी, विम्याच्या पावत्या, आयकर विवरणं यांवर पत्ता आणि वर्ष दोन्ही असतं. नोकरदाराला भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून मालकांची नावं आणि काळ सापडतो. हे सगळं एका मोठ्या कागदावर वर्षवार मांडा आणि रिकामी राहिलेली गावं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बायकांच्या स्मरणशक्तीवर माझा फार भरवसा आहे. ‘धाकटा झाला तेव्हा आपण कुठं होतो’ असं विचारलं की वर्ष लगेच जुळतं.

घरक्रमांक आठवत नसेल तर पेठ, रस्ता, शहर लिहा आणि पत्ता अंदाजे असल्याचं स्पष्ट सांगा. मोकळी जागा भरायची म्हणून पत्ता बनवू नका. तपासणारा माणूस आधीच्या अर्जाशी, जुन्या व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्मशी, डीएस-२६० शी ताडून पाहतो. खोटी किंवा विसंगत माहिती नंतर उघडी पडली तर फसवणुकीचं कलम लागू शकतं, आणि त्यातून कायमची बंदीसुद्धा येऊ शकते. त्या तुलनेत ‘नक्की आठवत नाही’ हे उत्तर कितीतरी सुरक्षित आहे.

समाजमाध्यमांची खाती लपवू नका. इमिग्रंट व्हिसाच्या मूळ अर्जातही २०१९ पासून ही माहिती मागतात. जुनं, न वापरलेलं खातं असेल तरी गेल्या पाच वर्षांतलं असेल तर लिहा. फॉर्म भरून झाला, की त्याची प्रत ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काही विचारलं तर आपण काय लिहिलं होतं ते समोर हवं.

फौजी घरांसाठी थोडं वेगळं

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथे घराघरात फौजी. देशातली पहिली सैनिक शाळाही १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. या जिल्ह्यातल्या पुष्कळ अर्जदारांच्या डीएस-२६० मध्ये लष्करी सेवेचा रकाना भरला जातो, आणि तिथे रेजिमेंट, हुद्दा, काळ, कामाचं स्वरूप विचारतात. निवृत्तीचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) यांच्या प्रती, इंग्रजीत नसलेल्या पानांच्या भाषांतरासह, आधीच तयार ठेवा. लष्कर, निमलष्करी दल किंवा पोलिसांतली सेवा ही जादा तपासणीची कारणं होऊ शकतात. त्यात गैर काही नाही. आजोबांनी सेवा लपवण्याचा विचारही मनात आणू नये.

अभियांत्रिकी आणि विज्ञानातल्या काही शाखांनाही जादा तपासणी होते: अणुविज्ञान, रॉकेट-क्षेपणास्त्रं, काही प्रगत पदार्थ, संवेदनशील इलेक्ट्रॉनिक्स. अशा क्षेत्रात काम असेल तर साध्या इंग्रजीत एक पानभर कामाचं वर्णन, बायोडेटा आणि शोधनिबंधांची यादी जवळ ठेवा. मागितल्या दिवशीच पाठवता आली तर निदान आपल्याकडून दिवस वाया जात नाहीत.

पायरी चौथी: तारखांची वही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. एक वही घ्या आणि कुटुंबातल्या प्रत्येक अर्जदाराचं एक पान करा.

वैद्यकीय तपासणी पहिली. दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच ती करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र चालत नाही. तिची मुदत साधारण सहा महिने, क्षयरोगाशी संबंधित काही प्रकारांत तीनच महिने. मुदत संपल्यावर पार्श्वभूमीची तपासणी चालूच असेल तर वैद्यकीय पुन्हा करावी लागते, पुन्हा खर्च होतो. पण अमुक दिवशी मुदत संपते म्हणून घाईने आधीच पुन्हा करून ठेवू नका. दूतावास सांगेल तेव्हाच करा, नाहीतर दुसरी मुदतही तपासणीतच संपायची. लसीकरणाचे कागद मात्र जपा, म्हणजे त्याच लशी पुन्हा टोचून घ्याव्या लागणार नाहीत.

पोलीस दाखला, म्हणजे पीसीसी, १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो. तो दोन वर्षांहून जुना झाला तर नवा मागतात. भारतातला पीसीसी पासपोर्ट खात्याकडून मिळतो, फी ५०० रुपये. दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात, पण त्यासाठी पुण्यालाच जायला हवं असं नाही. २०२२ पासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांमधूनही त्यासाठी अर्ज करता येतो. पत्ता बदललेला असेल तर ठाण्यातून चौकशीला माणूस येतो. तेव्हा घरी असा, आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. मुलाखतीच्या वेळी पंधरा वर्षांचा असलेला मुलगा तपासणीत सोळाचा झाला तर त्याचाही दाखला लागेल. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

आखातात किंवा इतर देशात वर्षभर वा जास्त राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो. गावात बसून तो मागवताना वकिलात, ठसे, साक्षांकन असा मोठा फेरा होतो. मुलाखतीच्या आधीच सुरुवात केलेली बरी.

पासपोर्टची मुदत पाहा, विशेषतः मुलांची. पंधरा वर्षांखालच्यांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. नवा काढला तर लगेच दूतावासाला केस क्रमांकासह कळवा, आणि जुना रद्द पासपोर्ट टाकू नका.

अमेरिकेतून ज्याने अर्ज केला आहे त्याच्या आर्थिक हमीपत्राचंही एक पान हवं. करविवरणाचं नवं वर्ष आलं, त्याने नोकरी बदलली, उत्पन्न घटलं, तर दूतावास ताजे कागद मागू शकतो. एप्रिल उलटला की मुलीला किंवा भावाला नवीन करविवरणाची प्रत पाठवायला सांगा.

आता २१ वर्षांचा प्रश्न. मूल २१ वर्षांचं झालं की कायद्याने ते ‘मूल’ राहत नाही. पण २००२ मध्ये झालेल्या बालदर्जा संरक्षण कायद्याने बरीच सोय केली आहे. अमेरिकन नागरिक आई किंवा बापाने स्वतःच्या अविवाहित मुलासाठी अर्ज केला असेल, तर अर्ज दाखल झाल्या दिवशीचं वय धरतात. इतर कौटुंबिक गटांत व्हिसा क्रमांक उपलब्ध झाला, म्हणजे रांगेत आपली पाळी आली, त्या दिवशीचं वय घेतात, त्यातून मूळ अर्ज मंजुरीसाठी पडून राहिला तेवढे दिवस वजा करतात, आणि पुढची पावलं वर्षाच्या आत उचलावी लागतात. त्यानुसार वय एकदा २१च्या खाली ठरलं, की नंतरच्या तपासणीचे महिने त्यात मिळवले जात नाहीत. हे गणित कागदावर मांडा आणि काठावर असेल तर अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाकडून एकदा तपासून घ्या. इथे पैसे वाचवू नका.

भावंडांच्या गटातल्या, म्हणजे अमेरिकन नागरिक भावाने वा बहिणीने अर्ज केलेल्या, कुटुंबांना आणखी एक धोका असतो. त्या गटात भारतीयांची रांग पंधरा वर्षांहून मोठी आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणाऱ्या, दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधली तारीख कधी कधी मागेही सरकते. अमेरिकन सरकारचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. सप्टेंबरपर्यंत कोटा संपला तर तपासणी पूर्ण होऊनही थोडं थांबावं लागतं. म्हणून तपासणी लांबली, की दर महिन्याचं बुलेटिनही पाहत जा.

पायरी पाचवी: लग्नाच्या बोलणीआधी विचारा

ही सूचना आईवडिलांसाठी आहे, आणि कळकळीने लिहितो आहे. ग्रीन कार्डधारक आई किंवा वडिलांनी आपल्या अविवाहित मुलासाठी वा मुलीसाठी अर्ज केला असेल आणि तपासणी चालू असताना तिचं लग्न लावून दिलं, तर तो अर्ज आपोआप रद्द होतो. आईवडिलांच्या केसमध्ये सोबत जाणाऱ्या मुलाचं लग्न झालं, तरी त्याचा हक्क जातो. अमेरिकन नागरिकाच्या अविवाहित मुलाचं लग्न झालं तर गट बदलून रांग लांबते. व्हिसा हातात आल्यावर, पण अमेरिकेत प्रवेश करण्याआधी लग्न केलं तरीही हेच होतं. साखरपुडा अडत नाही, नोंदणी आणि विधी अडतात. ‘तिकडे जाण्याआधी उरकून टाकू’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. एकदा वकिलाला विचारल्याशिवाय मुहूर्त धरू नका.

दरम्यान बाळ झालं तर लगेच कळवा. भावंडांच्या गटात ते केसमध्ये जोडता येतं. नागरिक नवऱ्याने बायकोसाठी अर्ज केला असेल तर मुलाचा मार्ग वेगळा असतो. बाप अमेरिकन नागरिक असल्याने बाळ जन्मतःच नागरिक ठरू शकतं का, हे आधी पाहा.

नवविवाहितांना या उशिरात एक फायदाही होऊ शकतो. अमेरिकेत प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असली, तर दोन वर्षांच्या अटीचं नव्हे, दहा वर्षांचं ग्रीन कार्ड मिळतं. व्हिसावर दोन वर्षांच्या अटीचा जुना प्रकार छापला असेल तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून तो बदलून मागता येतो.

आणि ज्याने अर्ज केला ती व्यक्तीच दगावली, तर अर्ज रद्द होतो, पण मानवी कारणावरून तो पुन्हा जिवंत करण्याची तरतूद आहे. विधवा किंवा विधुर जोडीदारासाठी वेगळा मार्ग आहे. दुःखात कोणी कागद बघत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पायरी सहावी: विचारणा कधी आणि कशी

अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या सूचनांत बराच काळ असा सल्ला होता, की मुलाखत किंवा शेवटचा कागद, यातलं जे नंतरचं असेल त्यापासून १८० दिवस थांबा, मग विचारा. हा अंदाज मनात ठेवायला चांगला आहे. दर आठवड्याला ईमेल पाठवून फाइल वर येत नाही.

पत्र पाच-सहा ओळींचं, साध्या इंग्रजीत लिहा. केस क्रमांक, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, मुलाखतीची तारीख, मागितलेले कागद कधी दिले, आणि एकच प्रश्न: आमच्याकडून काही बाकी आहे का? गाऱ्हाणं, देवाची शपथ, सासऱ्यांचं आजारपण हे सगळं एकाच पत्रात कोंबू नका. खरी तातडी असेल, म्हणजे गंभीर आजार किंवा हातची जाऊ घातलेली वयोमर्यादा, तर तेवढ्यासाठी वेगळं पत्र, कागदोपत्री पुराव्यासह.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे आपल्यापेक्षा एक जादा वाट असते. तो आपल्या भागातल्या काँग्रेस (अमेरिकन संसद) सदस्याच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयात जाऊन, गोपनीयतेच्या संमतीचा फॉर्म भरून, केसची विचारणा करायला सांगू शकतो. याला पैसे पडत नाहीत, ओळख लागत नाही. त्याने तपासणी थांबत नाही, पण फाइल कुठे आहे हे कळतं, आणि कधी कधी ‘अमुक कागद मिळालेला नाही’ अशी उपयोगी गोष्ट बाहेर येते.

वर्ष-दीड वर्ष उलटून काहीच हललं नाही, तर काही जण अमेरिकेच्या फेडरल जिल्हा न्यायालयात मँडॅमसचा दावा करतात. ‘निर्णय द्या’ एवढीच मागणी त्यात करता येते. ‘व्हिसा द्या’ असा आदेश न्यायालय देत नाही. सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात, आणि काही केस त्या काळात हलतातही. पण २२१-जी हाच निर्णय झाला असं मानणारे न्यायाधीशही आहेत, त्यामुळे निकाल ठिकाणागणिक बदलतो. २०२४ मध्ये म्युनोझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही, असंही ठरवलं. खर्च मोठा असतो. हा मार्ग अगदी शेवटचा.

एजंटांबद्दल थोडक्यात: ‘मुंबईत आपला माणूस आहे, तपासणी सोडवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तपासणीसाठी वेगळी फी नसते. अमेरिकन सरकारचा ईमेल ‘डॉट गव्ह’ने संपतो. दुसऱ्या पत्त्यावरून पैसे मागितले तर तो चोर समजा.

घरात व्हिजिटर व्हिसा असेल तर तो वापरून ‘जाऊन बसू, बाकीचं तिकडे बघू’ असंही करू नका. कायमचं राहण्याच्या इराद्याने फिरायला आलो असं सांगणं म्हणजे खोटं सांगून प्रवेश घेणं, आणि त्यातून चालू केसच बुडू शकते.

पायरी सातवी: इथलं घर चालू ठेवा

व्हिसा पासपोर्टात चिकटून येईपर्यंत नोकरी सोडू नका, घर विकू नका, परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. दूतावासही हेच सांगतो.

शेतीचं तर विशेष. आडसाली ऊस लावला तर दीड वर्ष त्यात जातं. ‘आता जायचंच आहे’ म्हणून रान पडीक टाकलेली आणि मग तपासणी लांबल्यावर हात चोळत बसलेली कुटुंबं माझ्या माहितीत आहेत. ऊस लावा. द्राक्षबागेची एप्रिल छाटणी वेळेवर करा. अचानक जावं लागलं तर वाट्याने किंवा खंडाने देता येतं, आणि विश्वासातल्या माणसाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र आधी करून ठेवता येतं. जमीन विकायची घाई कशाला? रहिवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन परदेशी गेल्यावरही ठेवता येते. नवीन शेतजमीन मात्र अनिवासी म्हणून घेता येत नाही, म्हणजे विकलेली परत घेणं अवघड. सातबाऱ्यावरच्या वारसनोंदी आणि वाटण्या या रिकाम्या महिन्यांत उरकून घ्या. परदेशातून ते काम फार त्रासाचं होतं.

मुलांचं जूनमध्ये नेहमीसारखं नाव घाला, दाखला काढू नका. दहावीचं वर्ष असेल तर परीक्षा होऊ द्या.

लग्न होऊन माहेरी थांबलेल्या मुलींकडे घरच्यांनी विशेष लक्ष द्यावं. ‘अजून गेली नाहीस?’ हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारतं. त्यांना नोकरी, शिक्षण, गाडी चालवणं, इंग्रजी बोलणं, जे हवं ते करू द्या. नवरा-बायकोचं बोलणं, भेटी, तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे यांच्या नोंदीही ठेवा. ठरवून झालेल्या लग्नांत खरेपणाबद्दल पुन्हा विचारणा होऊ शकते, आणि तेव्हा लग्नपत्रिका, फोटो, नोंदणी प्रमाणपत्र यांच्यासोबत हा नंतरचा पुरावा फार कामाला येतो. दूतावासातून घरी फोन आला तर ज्याने उचलला त्याने माहीत आहे तेवढंच आणि खरं सांगावं.

शेवटची पायरी: व्हिसा आल्यावर

बोलावणं आलं की चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे पासपोर्ट जमा करा. परत आल्यावर नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार तिथल्या तिथे तपासा आणि चूक दिसली तर प्रवासाआधी दुरुस्त करून घ्या. व्हिसाची मुदत वैद्यकीय तपासणीच्या मुदतीशी बांधलेली असते, त्यामुळे हातात कधी कधी थोडेच आठवडे उरतात. मुख्य अर्जदाराने कुटुंबाच्या आधी किंवा सोबतच प्रवेश करावा लागतो, बायको-मुलं आधी गेलेली चालत नाहीत. ग्रीन कार्डसाठीची इमिग्रंट फी ऑनलाइन भरून टाका. बंद पाकीट दिलं असेल तर ते फोडू नका, सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, आणि छातीच्या एक्स-रेची सीडी दिली असेल तर तीही त्याच पिशवीत.